फिरत्या पाण्याचे शब्द

भोवरा कसा घडतो हे पाहायचं तर पावसाळ्यात पुलगावला वर्धा नदीच्या पुलावर उभं राहावं. खांबावर आदळलेली धार दोन्ही अंगांनी फाटते, खांबाच्या मागे उलटी वळते, आणि वेगाचं पाणी संथ पाण्याला घासत जातं तिथं गरगर सुरू होते. डोळ्यांना दिसतं ते वरचं वर्तुळ. खरं काम तळाशी चालतं. खांबाला धडकून खाली वळलेलं पाणी पायथ्याची रेती उकरून नेतं आणि खड्डा पाडतं. पुलाचा पाया इतका खोल का न्यावा लागतो, त्याचं एक मोठं कारण हा न दिसणारा खड्डा.

मी जिल्हा पानाच्या बातम्या तपासतो, मथळे देतो. आमच्या टेबलावर भोवरा बारमाही असतो. सरपंच वादाच्या भोवऱ्यात, निविदा संशयाच्या भोवऱ्यात, भरती चौकशीच्या भोवऱ्यात. बातमीदार घाईत असतो, मथळ्याची जागा ठरलेली असते आणि हा शब्द तिथं नेमका बसतो. तरी मी तो बहुतेक वेळा काढतो, कारण भोवऱ्याला हात नसतो. त्यात सापडणारा बिचारा असतो. पाणी त्याला ओढतं, त्यानं काही केलेलं नसतं. ज्यानं निविदेत फेरफार केल्याचा आरोप आहे, त्याला भोवऱ्यात टाकलं की मथळाच त्याची बाजू घेतो.

मराठीनं सार्वजनिक जीवनाचे किती शब्द हललेल्या पाण्यातून घेतले आहेत, हे या कामात हळूहळू लक्षात येत गेलं. ढवळाढवळ म्हटलं की कुणाचा तरी हात पाण्यात आहे. तो कुणाचा, हे पुढच्या ओळीत सांगावंच लागतं. खळबळ वरवरची असते. कपडा खळबळून काढतो तशी ती हलते आणि निवते, म्हणून दुसऱ्या दिवशीही टिकलेल्या गोष्टीला मी खळबळ म्हणू देत नाही. वातावरण गढूळ होतं ते ढवळून झाल्यावर. तेव्हा गाळ वर आलेला असतो आणि ढवळणारा काठावर निघून गेलेला. गावात दोन समाजांत तेढ पडल्याची बातमी असते तेव्हा हा शब्द मला सगळ्यांत जड वाटतो. तो लिहिला, की तळाशी गाळ आधीपासून होता हेही आपण लिहून बसतो. ते खरं आहे का, हे बातमीदाराला विचारल्याशिवाय मी तो छापायला सोडत नाही.

आवर्त हा शब्द मथळ्यात क्वचित येतो. शाळेच्या भूगोलात तो वाऱ्याचा झाला, घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांनाही आवर्त म्हणतात. त्याच घरातलं आवर्तन मात्र शेतकऱ्याच्या तोंडी आहे: कालव्याला पाणी सुटण्याची पाळी. त्यात बुडण्याची भीती नाही, परत येण्याचा भरवसा आहे. हरभरा फुलावर असताना आवर्तन लांबलं, तर ती बातमी पहिल्या पानाची असते असं माझं ठाम मत आहे.

नदीकाठचे ढिवर या शब्दांच्या फंदात पडत नाहीत. त्यांच्या बोलण्यात सूचना असते: ‘‘पाणी घुमून राहिलं तिथं डोंगा नेऊ नोका, भाऊ.’’ रेती उपसलेल्या जागी नवे डोह झालेत, कालपर्यंत पायउतार असलेला घाट आज खोल असतो, हेही तेच सांगतात. 2021 च्या सप्टेंबरात याच नदीत, वरुड तालुक्यातल्या झुंज इथं, नाव उलटून अकरा जण गेले. असल्या बातमीशेजारच्या रकान्यात कुणा पुढाऱ्याला ‘भोवऱ्यात’ लिहिणं मला सहन होत नाही. त्या दिवसांत तरी तो शब्द नदीचाच राहू द्यावा.

एका ठिकाणी मात्र मी तो स्वतःहून ठेवतो. कोरडवाहू कपाशीचा शेतकरी पेरणीला पीककर्ज घेतो. बोंडअळी येते किंवा भाव पडतो. जुनं फिटत नाही म्हणून बँक नवं देत नाही. मग सावकार, मग पुन्हा जून. दर फेऱ्याला वर्तुळ लहान होतं आणि ओढ वाढते. कर्जाचा भोवरा हे इथं शब्दशः खरं आहे. पण पुलाखालचं पाणीही आपणहून फिरत नाही, मध्ये खांब असतो म्हणून फिरतं. म्हणून मथळ्यात भोवरा ठेवला, की खालच्या मजकुरात मी बातमीदाराकडून तीन गोष्टी मागून घेतो: कापूस त्या आठवड्यात हिंगणघाटच्या बाजारात काय भावानं गेला, हमीभाव किती होता आणि कर्ज कुणी, किती व्याजानं दिलं होतं.