राजीखुशीने, नशापाणी न करता

जमिनीच्या खरेदीखतात शेवटी एक ठरलेली ओळ असते. सदर दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून दिला आहे. दस्तलेखक ती सवयीने टाइप करतो आणि सही करणारा न वाचता सही ठोकतो. तरी ती लागतेच. न जाणो, उद्या कोणी उठून म्हणायचं, ‘पाजून लिहून घेतलं.’

ही ओळ हल्ली मला भलत्याच ठिकाणी आठवते. पार्टी संपते, दोघं एका खोलीत जातात. दोघंही प्यायलेली, ती जरा जास्त. सकाळी तिला काही आठवत नाही आणि तो म्हणतो, ‘पण ती हो म्हणाली होती.’ म्हणालीही असेल. त्या ‘हो’चं काय करायचं, ते मला ठरवता येत नाही.

कायद्याने ठरवलंय. भारतीय न्याय संहितेचं ६३ वं कलम, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचं ३७५, सांगतं की आपण कशाला होकार देतोय आणि त्यातून काय होणार हे जिला नशेमुळे कळत नव्हतं, तिचा होकार धरायचा नाही. नशा दुसऱ्याने करवली की तिची तिने केली, यावर ते अडत नाही. शब्दांतून किंवा हावभावांतून संमती स्पष्ट कळायला हवी आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती गृहीत धरायची नाही, हे २०१३ साली आलं. वाचताना सगळं पटतं. घोडं अडतं ते ‘कळत नव्हतं’पाशी. गाडी चालवणाऱ्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही रेघ आहे. नळीत फुंकलं की निकाल लागतो. होकार मोजायला नळी नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे २००७ साली ब्री खटल्यात हाच पेच आला होता. प्यायलेल्या माणसाचा होकारही होकार असू शकतो, पण शुद्ध हरपण्याच्या बऱ्याच आधी होकार देण्याची ताकद गेलेली असू शकते, असं न्यायालयाने सांगितलं आणि त्याची आकड्यांत सीमा आखायचं टाळलं.

आकडा सापडला असता तरी मेंदूने घोळ घातलाच असता. अमेरिकेत सेंट लुईसला डोनाल्ड गुडविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास दहा पुरुषांना चार तासांत भरपूर बर्बन पाजली आणि मधूनमधून त्यांना काही ना काही दाखवलं. कधी लहान मुलांची खेळणी, कधी ‘भूक लागली का’ असं विचारून झाकण काढलेला फ्राइंग पॅन आणि त्यात मेलेले उंदीर. दोन मिनिटांनी विचारलं तेव्हा बहुतेकांना आठवत होतं. अर्ध्या तासाने मात्र निम्म्यांच्या लेखी तसं काही घडलंच नव्हतं. आठवणी साठवण्याचं काम बंद पडतं, बाकीचा माणूस चालू राहतो. तो बोलतो, बिल देतो, रिक्षावाल्याला पत्ता सांगतो. म्हणजे ‘हो’ म्हणाली यावरून तिला कळत होतं हे सिद्ध होत नाही आणि आठवत नाही यावरून कळत नव्हतं हेही सिद्ध होत नाही.

इथे आले की मला आण्णांचं शेत आठवतं.

आजोळच्या गावात ओढ्याकाठी त्यांचं सव्वा एकर होतं, काळं, पाणी धरून ठेवणारं. घेणाऱ्याने त्यांना जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं, खानावळीत मटण चारलं, बाटली फोडली आणि दुपारी निबंधकाच्या कचेरीत उभं केलं. आण्णा सातवी शिकलेले. सहीखाली पल्लेदार रेघ ओढायची त्यांना भारी हौस. मामाने पुढे दस्ताची नक्कल पाहिली होती. तो सांगायचा, सही जागेवर होती पण रेघ घसरत पार कागदाच्या काठापर्यंत गेली होती. त्या रेघेच्या वर, टाइप केलेलं, ‘नशापाणी न करता’.

गावाचा निकाल एका दिवसात लागला. पाजून लिहून घेतली. किती पाजली हे कोणी विचारलं नाही. आपण काय लिहून देतोय हे कळू नये इतका प्यायलेला माणूस त्या अवस्थेत करार करू शकत नाही, हे उदाहरण १८७२ च्या करार कायद्यातच दिलेलं आहे. गावाने तो कायदा वाचला नव्हता, तरी गावाचं म्हणणं तेच होतं. ‘प्यायलातच कशाला?’ हे लोक आण्णांना येता-जाता ऐकवत, पण तेवढ्यावरून खरेदी चोख ठरली असं कोणी म्हटलं नाही. पोरीच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न विचारला की बहुतेकांना निकाल दिल्यासारखं वाटतं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढे एकदा ओट्यावर, पूर्ण शुद्धीत, आण्णा मामाला म्हणाले, ‘मला विकायचीच होती रे. शुद्धीत सही करायचा धीर होत नव्हता, म्हणून प्यालो.’ मामाने ते कधी मानलं नाही. फसवला गेलो म्हणण्यापेक्षा स्वतःहून विकली म्हणणं माणसाला बरं वाटतं, असं त्याचं मत. मला दोन्ही खरं वाटतं. धीर यावा म्हणून पिणारे कमी नाहीत, शेतासाठी आणि शेजेसाठीही. आणि ‘मीच हो म्हणाले असेन’ असं सकाळी स्वतःला पटवून उठणाऱ्याही असतील.

आण्णांच्या बायकोचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, त्यामुळे तिला विचारायचा प्रश्नच आला नाही. काकी आजीच्या चुलीपाशी बसून एकदा म्हणाली होती, ‘पिऊन आलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय असती का, आक्का?’ आम्ही सगळ्यांनी ते शेताबद्दल ऐकलं. आजी काही बोलली नाही. भाकरी थापायची मात्र थांबली.

काकीने आयुष्यात थेंब घेतला नाही. अक्कलहुशारी म्हणाल तर घरात तिच्याएवढी कोणाला नव्हती. नशापाण्याची अट तिच्या बाजूने चोख, तरी राजीखुशीचा पत्ता नाही. आणि जे ६३ वं कलम प्यायलेल्या बाईचा होकार इतका बारकाईने तपासतं, त्यालाच एक अपवाद जोडलेला आहे: बायको अठराच्या आतली नसेल, तर नवऱ्याचा संबंध बलात्कारात मोजायचा नाही. तिचा नकार शुद्धीतला आहे का हेही मग कोणी विचारत नाही. प्यालेलं कोण यावरच नजर ठेवली तर अर्धंच दिसतं, हे मला तिच्यामुळे कळतं. पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही.

पुतण्या बावीसचा आहे, पुण्यात असतो. परवा त्याने सरळच विचारलं, ‘आत्या, मग विचारायचं तरी कधी?’

‘पिण्याआधी.’

‘आणि नंतर तिचं मन बदललं तर?’

‘परत विचार.’

‘तेव्हा ती प्यायलेली असणार. तिचं हो धरायचं नाही, असं तूच म्हणतेस.’

‘मग थांब.’

‘मीही प्यायलेलो असलो तर? मला कळेल थांबायचं?’

स्वतःहून प्यालेल्याला शुद्धीतल्या माणसाएवढी जाण होती असं कायदा धरतो, हे मी सांगितलं. तो हसला. ‘म्हणजे एकाच बाटलीतून मी शुद्धीत आणि ती बेशुद्ध?’ मी म्हटलं, करणाऱ्याला जबाबदारी असते, जिच्याबाबतीत केलं जातं तिला संरक्षण. बोलताना बरोबर वाटलं. दोघंही करणारे असतील तर काय, हे त्याने विचारलं नाही. ते माझं मलाच सुचलं.

‘थोडक्यात, प्यायल्यावर काही नाहीच,’ तो म्हणाला. हो म्हणणार होते. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्हा दोघांच्या हसऱ्या, दोन-दोन ग्लास वाइनच्या रात्री काही कमी नाहीत. त्या हिशेबाने त्या सगळ्या बाद कराव्या लागतील आणि तसं करायला मी तयार नाही. माझं हे तयार नसणं मुद्द्याला धरून आहे की नुसतं सोयीचं, तेही सांगता येत नाही.

‘तसंही नाही,’ एवढंच मी म्हटलं. तसं नाही तर कसं, हे त्याने विचारलं तेव्हा मी त्याला जेवायला बसवलं.