देवमाशांची फिर्याद

शब्द, अलंकार आणि युक्तिवाद यांचा जितका ऊहापोह वक्तृत्वशास्त्राने केला आहे, तितका, शब्दाचा आश्रय न घेता निव्वळ कानावाटे मनाचा कौल फिरवणाऱ्या नादाचा केलेला नाही. म्हणूनच रॉजर पेन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाचे संशोधन प्राणिशास्त्राइतकेच वक्तृत्वशास्त्राच्या दप्तरीही दाखल व्हावे, असे मला वाटते. किट्ट काळोखात गव्हाणी घुबड केवळ चाहुलीवरून उंदीर कसा टिपते, याचा छडा लावलेला हा गृहस्थ 1967 साली बर्म्युडास गेला असता, अमेरिकी नौदलासाठी पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या फ्रँक वॉटलिंग्टन या अभियंत्याने हंपबॅक देवमाशांची ध्वनिमुद्रणे त्याच्या हवाली केली. त्या आवाजांत चरण होते, चरणांची आवर्तने होती, आणि कधी कधी अर्ध्या तासापर्यंत चालणारी ती रचना संपताच तो प्राणी ती पुन्हा पहिल्यापासून आळवू लागे. स्कॉट मॅक्व्हे यांच्यासह पेनने हे 1971 साली ‘सायन्स’मध्ये साधार मांडले, पण आदल्याच वर्षी निघालेल्या या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकेने जे साधले, ते त्या निबंधाला साधते ना. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगापुढे घटत्या संख्येचे आकडे पूर्वीही येतच होते; व्यापारी शिकारीच्या तहकुबीचा ठराव मात्र 1982 साली, लोकमत तापल्यावर, मंजूर झाला.

गंमत अशी की, गाणारा असतो तो नर, आणि त्याचे गाणे बहुधा विणीच्या काळातले, म्हणजे शृंगाराचेच. त्यातला करुण रस श्रोत्यांनी पदरचा घातला. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण फिर्यादीचे काम झाले. मला खटकते ते निराळेच. फिन जातीच्या देवमाशाचा हुंकार सुमारे 20 हर्ट्झचा, म्हणजे मानवी श्रवणाच्या अगदी उंबरठ्यावरचा. त्याची तबकडी कोण विकत घेणार? करुणेची हद्द अशी कानाच्या कुवतीने आखली गेली, तर बेसूर आणि मुक्या जीवांची वकिली कोणी करावी?

आणि ज्याला सूर होता, त्यालाही ऐकणारा जवळ असावा लागतो. अरबी समुद्रातले हंपबॅक इतरांप्रमाणे ध्रुवाकडे न जाता बारमाही याच पाण्यात राहतात. बर्म्युडातली ध्वनिमुद्रणे पेनच्या हाती पडण्याच्या सुमारास, ओमानपासून हिंदुस्थानच्या वायव्य किनाऱ्यापर्यंत सोव्हिएत जहाजांनी त्यांच्यातले दोनशेहून अधिक बेकायदा मारले, आणि त्या कत्तलीचा हिशेब सोव्हिएत राज्य कोसळल्यानंतर, जुनी दप्तरे उघडली तेव्हा कोठे जगापुढे आला.