दोन पंचमांश

शिक्षकाचा पेशा सोडून आम्हांस बरींच वर्षें झालीं, तरी दुसऱ्याच्या शिकविण्यांतील उणें काढण्याची खोड कांहीं सुटली नाहीं. मार्च २०२० मध्यें शाळा बंद होऊन पुढें मोबाईलवर वर्ग भरूं लागले, तेव्हां या खोडीस मोठेंच कुरण मिळालें. आमचा नातू त्या वर्षीं दहावींत गेला होता. एके दिवशीं त्याच्या संस्कृतच्या गुरुजींनीं सर्व मुलांस एकदम सुभाषित म्हणावयास सांगितलें. पण प्रत्येकाचा आवाज आपापल्या सवडीनें पोहोंचत असल्यामुळें कोणी पहिल्या चरणावर, कोणी तिसऱ्यावर, असा कालवा झाला. शेवटीं गुरुजींनीं एक सोडून सर्वांचे आवाज बंद केले. आम्ही पाठशाळेंत संथा घेऊन शिकलेले. गुरुजींनीं एकदां म्हणावें, शिष्यांनीं दोनदां, आणि त्या दहा कंठांतून चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ गुरुजींनीं नेमका टिपावा. तेव्हां, या यंत्रास तोंड आहे, कान नाहींत, असें आम्हीं मोठ्या समाधानानें जाहीर केलें. घरची मंडळी हंसली. तें वाक्य आम्हीं पुढें वर्षभर भेटेल त्यास ऐकविलें.

आमचें कुटुंब एकत्र आहे. चिरंजीव आणि पुतण्या यांचे मोबाईल त्यांच्या कामांत गुंतलेले. मुलांकरितां उरला एक. धाकट्या बंधूंची नात तेव्हां पांचवींत होती आणि दोघां मुलांचे वर्ग एकाच वेळीं भरत. प्रश्न आमच्यापुढें आला. वडीलकीच्या नात्यानें आम्हीं क्षणभरही न थांबतां निकाल दिला: दहावीचें वर्ष आहे, मोबाईल नातवास द्यावा, मुलगी लहान, तिचें आम्ही घरीं पाहूं. कोणीं हूं कीं चूं केलें नाहीं. पुतणसुनेच्या मनांत काय आलें, हें विचारण्याची आमच्या घरीं रीत नव्हती.

घरीं पाहिलें म्हणजे काय, तर रोज तिन्हीसांजेस देव, वन आणि माला हे शब्द तिच्याकडून चालवून घेतले. मुलीची वाणी स्वच्छ, आम्ही प्रसन्न.

एप्रिल २०२१ मध्यें दहावीची परीक्षाच रद्द झाली. जिच्या नांवावर मोबाईल दिला ती झालीच नाहीं, तरीही आम्हांस कांहीं खुपलें नाहीं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं ग्रामीण भागांत पांचवीपासूनचे वर्ग उघडले, मुलगी सहावींत जाऊन बसली, आणि दिवाळीच्या सुटींत तिच्या वहींत आम्हांस एक उदाहरण दिसलें. अर्धा अधिक एक तृतीयांश. उत्तर होतें दोन पंचमांश. वरचे अंक वरच्यांत मिळविलेले, खालचे खालच्यांत. अर्ध्यांत भर घातल्यावर तें अर्ध्याहून कमी कसें झालें, असें आम्हीं विचारलें.

"आजोबा, हें शिकविलें तेव्हां मोबाईल दादाकडे होता."

स्वर तक्रारीचा नव्हता. म्हणूनच तो अधिक लागला.

त्या रात्रीं आम्हांस आमच्या शाळेंतील दूरचित्रवाणीचा संच आठवला. पुण्यास १९८४ सालीं बालचित्रवाणी स्थापन झाली. तिचे कार्यक्रम मुलांस दाखवावे म्हणून तो आणलेला. संच कपाटांत, कपाटास कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांपाशीं. तपासणीस कोणी वरिष्ठ आले कीं कपाट उघडे. त्या किल्लीविषयीं शिक्षकांच्या खोलींत आम्ही किती तावातावानें बोलत असूं! बालचित्रवाणी २०१७ सालीं बंद पडली. आणि किल्ली पाहावी, तों ती आमच्याच जानव्यास लटकलेली.

दुसरे दिवशीं नातवानें आम्हांस पाठ्यपुस्तकावरील ती काळीपांढरी चौकट दाखविली. तिच्यावर मोबाईल धरिला कीं 'दीक्षा' या सरकारी ठिकाणचा पाठ उघडतो. (सोलापूर जिल्ह्यांत परितेवाडीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले यांनीं अशा चौकटी आपल्या वर्गांत वापरल्या. डिसेंबर २०२० मध्यें त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लक्ष डॉलरपैकीं अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. हें वृत्त आम्हीं वर्तमानपत्रांत कौतुकानें वाचलें होतें. घरांतील पुस्तक उलटून पाहिलें नव्हतें.) मुलीनें अपूर्णांकांचा पाठ लाविला, थांबविला, मागें नेला, पुन्हां लाविला, असा चार वेळां. आमच्यापाशीं तिनें चार वेळां विचारलें असतें काय? तिसऱ्या वेळीं आमचा आवाज चढतो, हें सबंध तालुक्यास ठाऊक आहे.

मात्र ती छेदांत छेद मिळविते, हें त्या पाठास दिसलें नव्हतें. त्याकरितां तिच्या शेजारीं बसावें लागलें. एका भाकरीचे सहा तुकडे केले. अर्ध्याचे तीन, तृतीयांशाचे दोन. पांच तुकडे तिच्या ताटांत पडले, सहावा आमच्या.

पुढच्या आठवड्यांत पुतणसुनेनें मोबाईलच्या वेळांचा एक कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटविला. तो आम्हांस दाखविण्यांत आला. विचारून केलेला नव्हता. मुलीचें नांव सर्वांत वर होतें. आम्हीं चष्मा लावून तो नीट वाचला, आणि शुद्धलेखनाची एक चूक होती, तेवढी दुरुस्त केली.