कन्हानच्या काठावरून टेम्सच्या काठी

घरातील मंडळी लंडनास जावयास निघाली की बरोबर काय न्यावे ह्याची चर्चा आठ-आठ दिवस चालते. तेथे काय पाहावे ह्याचा विचार मात्र विमानात बसल्यावर सुरू होतो. म्हणून ह्या शहराविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्या असे आम्हांस वाटते. कामठीकरांस तर लंडन अगदीच परके म्हणता येत नाही. 1821 साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी वसविली व तिच्याभोवती आपले गाव वाढले. छावणीत पलटणी मद्रासच्या असत. पण त्या सर्वांची मालक जी कंपनी, तिची कचेरी लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावर होती. ती इमारत 1861 साली पाडली गेली आणि त्या जागी आज लॉईड्स ह्या विमासंस्थेची पोलादी इमारत उभी आहे.

शहर समजावयाचे तर प्रथम नदी समजून घ्यावी. आपली कन्हान उन्हाळ्यात वाळूत लपते. टेम्स दिवसातून दोनदा फुगते व दोनदा ओसरते, कारण समुद्राची भरती थेट शहरात शिरते. नदीच्या उत्तर तीरावर पश्चिमेस वेस्टमिन्स्टर, म्हणजे राजसत्तेचे ठाणे. पूर्वेस जुने व्यापारी शहर. हे जुने शहर 1666 च्या आगीत बहुतेक जळाले. त्यानंतर ख्रिस्तोफर रेन ह्या स्थपतीने सेंट पॉलचे मंदिर नव्याने उभारले. त्याच्याही पूर्वेस टॉवरचा किल्ला असून राजघराण्याची रत्ने, त्यांत आपला कोहिनूर, तेथे ठेविलेली आहेत. वेस्टमिन्स्टरच्या पुलापासून दक्षिण तीराने टॉवरपर्यंत पायी जावे. अंतर सुमारे पाच किलोमीटर. पण एवढ्या चालण्यात शहराचा अर्धा इतिहास समोरच्या काठावर उलगडतो.

फिरावयास भुयारी आगगाडी उत्तम. ती 1863 साली सुरू झाली व जगातील पहिलीच होय. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूस उभे राहावे. डावी बाजू घाईच्या माणसांसाठी मोकळी ठेवण्याचा तेथे रिवाज आहे. 2014 पासून शहरातील बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, हेही ध्यानी असावे. अकरा वर्षांखालील मुलांस वडील माणसांबरोबर भुयारी गाडीत तिकीट पडत नाही. मुले बरोबर असल्यास ग्रीनिचला अवश्य न्यावे. जेथून जगाचे रेखांश मोजतात ती रेषा तेथे जमिनीवर आखलेली आहे. आपल्या कामठीचा सूर्य तेथल्याहून सुमारे सव्वापाच तास आधी उगवतो कसा, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्या रेषेवर उभे राहून लवकर कळते.

ब्रिटिश म्युझियम व व्हिक्टोरिया-अल्बर्ट ही संग्रहालये पाहावयास पैसे पडत नाहीत. तेथील दालनांत हिंदुस्थानच्या वस्तू पाहताना मन दुभंगते. वस्तू उत्तम जपल्या आहेत हे खरे. त्या तेथे कशा आल्या, हा प्रश्नही खराच. नागपूरकरांस ह्याचे ताजे उदाहरण आहे. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या नावाचा देवनागरी लेख असलेली तलवार 2025 च्या एप्रिलात लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने ती सत्तेचाळीस लाखांहून अधिक रुपये देऊन घेतली व ऑगस्टात मुंबईस आणली. गंमत अशी की तिचे पाते मुळात युरोपातलेच!

विद्येच्या ओढीने व देशकार्यास्तव आपली माणसेही येथे राहून गेली. 1918-19 मध्ये लोकमान्य टिळक हाउली प्लेस येथे राहत होते. डॉ. आंबेडकर विद्यार्थी असताना 1921-22 मध्ये किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहिले; ते घर 2015 साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. 1932 साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळही डॉलिस हिल भागात आहे. परमुलखात मराठी शब्द कानी पडण्याचे सुख तेथे मिळते.

सर्वांत शेवटी, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे स्थान म्हणजे सेंट पँक्रासजवळची ब्रिटिश लायब्ररी. कंपनीचे व पुढे इंडिया ऑफिसचे सारे दप्तर येथे आहे. त्याची फडताळे ओळीने लावली तर चौदा किलोमीटर भरतील. पलटणींच्या याद्या, रेसिडेंटांची पत्रे, 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले त्या वेळचे कागद, हे सर्व ह्यात येते. वाचकपत्र विनामूल्य मिळते. ज्या घरांतून छावणीत नोकरी केलेल्या एखाद्या पूर्वजाची आठवण अद्याप शिल्लक असेल, त्यांनी निघण्यापूर्वी त्याचे नाव, पलटण व साल घरच्या वृद्धांकडून लिहून घ्यावे. लंडनचे दप्तर आणखी शंभर वर्षे जागचे हलणार नाही. आजीची आठवण मात्र तितकी थांबत नाही.