सी-ओ-एम, एम-आय-टी, टी-डबल ई

आमच्या पिढीला इंग्रजी भेटलं ते पाचवीत. २००० सालापासून मुलांना ते पहिलीतच भेटू लागलं, त्यामुळे त्यांना ते घरातलंच वाटतं. आम्ही मात्र तोवर निव्वळ मराठीत वाढलेलो. एका जूनमध्ये चार रेघांची वही हातात आली, आणि सातवी-आठवीपर्यंत शब्द असे लांबत गेले की ते पेलायचे कसे, हा सगळ्या आळीचाच प्रश्न होऊन बसला.

दिवेलागणीला घरोघरी एकच क्रम असायचा. शुभंकरोती, परवचा, मग स्पेलिंगं. थोरल्या भावंडाचा एकच मंत्र होता : फोड कर. शिसपेन्सिलीनं शब्दात उभ्या रेघा मारायच्या आणि तुकडे तालावर म्हणायचे. कमिटी आली की फोड कर : सी-ओ-एम, एम-आय-टी, टी-डबल ई. इमिजिएट आलं की फोड कर : आय-एम, एम-ई, डी-आय, ए-टी-ई. अकोमोडेशन तर साऱ्यांचा कर्दनकाळ. ए-सी, सी-ओ-एम, एम-ओ, डी-ए, टी-आय-ओ-एन. चाल लागली की दोन सी आणि दोन एम आपोआप जागेवर बसत. शेजारच्या खोलीतली काकू पोळ्या लाटता लाटता तीच चाल गुणगुणायची.

काही शब्दांची फोड आमच्या सोयीनं व्हायची. वेड-नेस-डे. टू-गेट-हर. असॅसिनेशनमध्ये आधी एक गाढव, मग आणखी एक गाढव, मग मी, आणि शेवटी राष्ट्र. व्याकरणाशी या फोडींचं काही देणंघेणं नव्हतं, पण त्या स्पेलिंगला आजतागायत धक्का लागलेला नाही.

खरी किल्ली मिळाली ती जुन्या अकरावीवाल्या आजोबांकडून. त्यांच्या फडताळात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची, पुठ्ठा खळीनं दोनदा चिकटवलेली, आणि शेजारी संस्कृतचं व्याकरण. अक्षरं अशी दुहेरी का, असं विचारलं की ते पाटी पुढे ओढत. ‘उत् अधिक लास?’ उल्लास. ‘उत् अधिक ज्वल?’ उज्ज्वल. ‘त् कुठे गेला?’ पुढच्या अक्षरासारखा झाला. ‘मग लॅटिनचे उपसर्ग तेच करतात.’ आणि पाटी भरत जाई. ‘इन’पुढे एल आला की इल-लीगल, आर आला की इर-रेग्युलर, एम आला की इम-मॉर्टल. ‘कॉन’चा कुठे कोल होतो, कुठे कोर : कोल-लेक्ट, कोर-रेक्ट. ‘सब’ तर बहुरूपीच : सक-सेस, सफ-फर, सप-पोर्ट. अराइव्हमध्ये दोन आर का? मुळात ‘ॲड’ म्हणजे कडे, आणि ‘रिपा’ म्हणजे काठ. काठाला लागणं म्हणजे पोचणं. डी आरमध्ये विरघळला, एवढंच. प्र, परा, अप, सम् असे २२ उपसर्ग घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना हे परकं वाटेना. उज्ज्वलमध्ये दोन ज आणि करेक्टमध्ये दोन आर एकाच न्यायानं येतात, हे कळलं त्या दिवशी इंग्रजीची निम्मी भीती गेली. आजही शाळांतून दोन्ही संधी शेजारी शेजारी मांडून शिकवायला हव्यात, असं मनापासून वाटतं.

मग घरातलेच शब्द सापडू लागले. शाळेचं तोंड न पाहिलेली आजीसुद्धा दिवसभर लॅटिन उपसर्ग वापरत होती की! एसटीचा कंडक्टर, म्हणजे बरोबर घेऊन जाणारा. इन्स्पेक्टर, म्हणजे आत डोकावून पाहणारा. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, आधी लिहून दिलेलं. इंजेक्शन, आत फेकलेलं. ॲडमिशन, प्रमोशन, कन्सेशन. आणि ट्रान्सफर, म्हणजे पलीकडे वाहून नेणं. सरकारी नोकरीच्या घरात या शब्दाची फोड कुणाला सांगावी लागत नसे. माळ्यावरून ट्रंका खाली आल्या की कळायचं.

इथं एक खोच होती. अर्थाची फोड निराळी आणि उच्चाराची निराळी. अर्थानं पाहिलं तर कॉन, डक्ट, ऑर. पण डिक्शनरी शब्द तोडते तो कॉन-डक-टर असा, टी पुढच्या तुकड्याला देऊन. इन-स्पेक-टरचंही तेच. स्पेलिंग पाठ करायला दुसरी फोड, अर्थ लावायला पहिली. दोन्ही येणाऱ्या मुलाला आळीत मान होता.

वह्या जपून वापरायच्या, म्हणून आम्ही ओळ अगदी कडेपर्यंत लिहायचो. शब्द मावला नाही तर आडवी रेघ मारून उरलेला भाग खाली. त्याचेही नियम होते. एका अवयवाचा शब्द तोडायचा नाही, एकटं अक्षर मागे ठेवायचं नाही, आणि उपसर्गानंतर तोडलं तर सहसा बिनधोक. सहसा, कारण आघात हलला की उपसर्गही फुटे. प्रिफर तुटतो पी-आर-ई पाशी, पण प्रेफरन्समध्ये एफ मागच्या तुकड्यात जातो. हजेरीला म्हणायचा तो प्रेझेंट एसनंतर तुटतो. तोच शब्द सादर करणं या अर्थी क्रियापद झाला की पी-आर-ई नंतर. स्पेलिंग तसूभरही न बदलता.

यावर ताईनं आम्हाला उपाय दिला होता. शब्द आधी मोठ्यानं म्हणायचा, जोर कुठे पडतो ते हनुवटीखाली हात धरून पाहायचं, आणि मगच पेन्सिल टेकवायची. तबकडी ती रेक-ऑर्ड, आणि टेपवर गाणं उतरवायचं ते रि-कॉर्ड. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागली की दोन्ही शब्दांची उजळणी आपसूक होत असे.