पियानोची शिकवणी

नातीस पियानो शिकवावयाचा असें चिरंजीवांनीं ठरविलें, तेव्हां एवढ्याशा पोरीस बाहेर कोठें पाठवावयाचें, आजी आहे कीं घरांत, असें सर्वांनीं एकमुखानें म्हटलें. लहानपणीं गिरगांवांत वडिलांपाशीं मी पेटी शिकलें होतें. पेटीच्या सुरांस मींड नाहीं म्हणून 1940 सालीं नभोवाणीनें तिला दार बंद केलें, याचा राग वडिलांना अखेरपर्यंत होता. त्यामुळें पेटीचा अभिमान आमच्या रक्तांतलाच. पेटी काय आणि पियानो काय, पट्ट्या त्याच काळ्या-पांढऱ्या, असें मीं मनाशीं धरलें.

वाशीस आमचें घर खाडीजवळ. येथील दमट हवा लाकडी पियानोस मानवत नाहीं, म्हणून विजेवर चालणारा, परंतु पुऱ्या 88 पट्ट्यांचा पियानो आला. नात साडेतीन वर्षांची. रोज सायंकाळीं 5 वाजतां आमची शिकवणी सुरू झाली. अंगठा येथें, करंगळी तेथें! सप्तकाची रुंदी सुमारें साडेसहा इंच. तिची वीत तेथवर पोंचणार कोठून? तरी बोट चुकलें कीं तें उचलून मी योग्य पट्टीवर ठेवीत असें. सूनबाई एकदां म्हणाली, "आई, तिला नुसतें वाजवूं द्या ना." "नुसतें वाजवून विद्या येत नसते," मीं उत्तर दिलें. पंधरवड्याच्या आंत, पांच वाजले कीं पोरीचें पोट दुखूं लागलें.

पेटीची पट्टी जोरानें दाबा वा हळू, सूर लहानमोठा होतो तो भात्यानें. पियानोंत पट्टी दाबतांच आंतील हातोडी तारेवर पडते, आणि जसें बोट तसा आवाज. आमच्या विजेच्या वाद्यांतही त्याचीच नक्कल केलेली असते. इ. स. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें क्रिस्तोफोरीनें हें वाद्य घडविलें तें याच गुणासाठीं, आणि त्याचें नांवही 'हळू' व 'जोरानें' अशा अर्थाच्या दोन इटालियन शब्दांवरून पडलें. हें सारें मीं वाचलेलें होतें. शिकवीत मात्र होतें पेटीच.

मागल्या महिन्यांत एका दुपारीं जेवणें आटोपून मी दिवाणखान्यांतच लवंडलें होतें. पोर पावलें न वाजवितां आली, स्टुलावर चढली आणि एका बोटानें एक पट्टी दाबली. इतकी हळू, कीं सूर निघालाच नाहीं. पुन्हां दाबली, तेव्हां किंचित् निघाला. "शू, आजी निजलीय," ती बाहुलीस म्हणाली, आणि तोच सूर तसाच हलका शोधीत राहिली. एकदां चुकून तो मोठा झाला. मग बराच वेळ सारें स्तब्ध. माझ्याकडेच पाहात असावी. मीं डोळे मिटूनच ठेवले. थोड्या वेळानें सूर पुन्हां आला, पहिल्याहूनही हलका.

चहाची वेळ टळून गेली, तरी मीं कूस पालटली नाहीं.