आधी काय दिसलं ते सांगा

पुण्यातल्या आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुना चित्रपट दाखवला जातो. वीस-पंचवीस माणसं येतात. पांढरी भिंत, एक प्रोजेक्टर, दोन स्पीकर, प्लास्टिकच्या खुर्च्या. चित्रपट संपला की चहा आणि चहानंतर चर्चा. या चर्चेला एकच नियम आहे आणि तो मी हट्टाने लावून घेतला आहे. आधी काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगायचं; कसं वाटलं ते नंतर.

हा नियम माझा नाही. तरुणपणी मी एका चित्रपट रसास्वाद शिबिराला गेले होते. तिथले शिक्षक मध्येच प्रोजेक्टर थांबवून विचारायचे, ‘आत्ता दारातून कोण आलं? त्याच्या हातात काय होतं? आपण त्याला कुठून पाहत होतो?’ निम्म्या वर्गाला सांगता यायचं नाही. तासभर डोळे पडद्याला लावून बसलेली माणसं प्रत्यक्षात फार थोडं पाहत असतात, हे मला तिथे कळलं. पुढे नोकरी, संसार यांत ते मागे पडलं. वाचनालयात हा उपक्रम सुरू झाला तेव्हा मात्र पहिल्या काही रविवारी जे झालं त्याने मला ते शिबिर आठवलं. वयस्क मंडळी म्हणायची, ‘काय ते चित्रपट होते, आता तसं काही राहिलं नाही.’ तरुण मुलं म्हणायची, ‘चांगला आहे, पण फार संथ.’ दोन्ही बाजूंनी चित्रपटाकडे पाठ फिरवलेली होती. एकीचं लक्ष स्वतःच्या तरुणपणाकडे, दुसरीचं घड्याळाकडे.

नियम लागू झाल्यावरचा पहिला चित्रपट ‘कुंकू’. प्रभात फिल्म कंपनीचा, 1937 सालचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला, नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. तरुण नीराचं लग्न काकासाहेब या वयस्क, बिजवर वकिलाशी लावून दिलं जातं आणि ती त्याला नवरा मानायला ठाम नकार देते, एवढीच गोष्ट. नीरा शांता आपटे, काकासाहेब केशवराव दाते. काकासाहेबांच्या विधवा मुलीचं, चित्राचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं आहे. प्रत्यक्ष आयुष्यात त्यांनी संततिनियमनाचा प्रचार केला, म्हणजे सुधारकी चित्रा त्यांना पडद्यावर वेगळी उभी करावी लागलीच नसेल.

चर्चेत पहिला बोलला तो जाहिरातींसाठी ध्वनिसंकलन करणारा एक मुलगा. तो म्हणाला, ‘यात पार्श्वसंगीत नाही. अर्ध्या तासानंतर माझ्या लक्षात आलं की मी संगीताची वाट बघतोय. इथे रागवायचं का रडायचं ते मला कुणीतरी सांगावं म्हणून.’ मी खुर्चीत सावरून बसले. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही ही चित्रपटाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेली गोष्ट, पण त्याला ती कुणी सांगितलेली नव्हती, त्याच्या कानांनी ती पकडली होती. या चित्रपटात भांड्यांचा आवाज आहे, पावलांचा आहे, घड्याळाची टिकटिक आहे. गाणं असेल तर ते कुणीतरी समोर म्हणतं किंवा फोनोग्राफवर वाजतं. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. सगळी चित्रपटसृष्टी गाण्या-वाजवण्याच्या मोहात असताना प्रभातच्या मंडळींनी घरातल्या शांततेवर विश्वास ठेवला. नीरा गप्प असते तेव्हा ते गप्प असणं झाकायला मागे सारंगी वाजत नाही. म्हणून ते अजून सोसवत नाही.

मग काकासाहेबांवरून वाद पेटला. मिशांना कलप लावणारा, आरशात स्वतःला न्याहाळणारा हा माणूस खलनायक का नाही, असं एका तरुण वकील मुलीने विचारलं. दात्यांनी त्याला खलनायक होऊ दिलेलं नाही हे खरंच. त्यांचे खांदे पाहा. सुरुवातीला घराचा मालक म्हणून ताठ चालणारा माणूस हळूहळू आपल्याच घरात अंग चोरून वावरू लागतो. त्याचा राग येतो आणि त्याच वेळी पोटात कालवतं. शेवटी नीराला मोकळं करण्यासाठी तो जीव देतो. मुलीने विचारलं, ‘पण त्यासाठी त्याला मरावंच का लागलं?’ आणि मग तिचं तिलाच उत्तर सापडलं. विधवेच्या पुनर्विवाहाला 1856 पासून कायद्याची मान्यता होती. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा मात्र 1947 साली आला, आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा 1955 साली. म्हणजे 1937 साली पुण्यातल्या नीराला सुटायचं असेल, तर कायद्याने उघडा असलेला रस्ता नवऱ्याच्या मरणावरूनच जात होता. इतकी वर्षं मी त्या शेवटाला अतिरंजित समजत आले होते. त्या संध्याकाळपासून तो मला त्या काळातल्या कायद्याचं अचूक चित्र वाटतो.

सर्वांत शेवटी बोलल्या त्या आमच्यातल्या सर्वांत वयस्क आजी. नव्वदीला टेकलेल्या, आवाज बारीक. त्यांच्या आत्याला बिजवराला दिलं होतं. ‘नीरा बोलते तसं आमच्या आत्याला बोलता आलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘ती कधीच कुणाला काही बोलली नाही. पण रात्री खोलीला आतून कडी लावायची. वर्षानुवर्षं. हे आम्हाला ती गेल्यावर कळलं.’ त्यावर कुणी काही बोललं नाही. त्या रविवारी खुर्च्या आवरायला बराच उशीर झाला.

‘संत तुकाराम’ (1936) पाहिला तेव्हा भजनी मंडळातले एक काका मुद्दाम आले होते. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षभराहून अधिक चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. काकांना नियम सांगितला तर ते म्हणाले, ‘मला दिसण्यातलं कळत नाही, ऐकण्यातलं सांगतो.’ आणि त्यांनी दोन्ही चाली म्हणून दाखवल्या, तुकारामाची आणि सालोमालोची. सालोमालो तुकारामाचे अभंग आपलेच म्हणून गातो, पण गाताना ताना-मुरक्या घेतो, नाटकातल्या नटासारखा श्रोत्यांकडे बघत राहतो. तुकाराम काम करता करता गातो; चाल त्याच्या श्वासाइतकी साधी. काका म्हणाले, ‘कोण खरा ते संवाद बंद करून नुसतं ऐकलं तरी कळतं.’ केशवराव भोळ्यांच्या संगीताबद्दल इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

त्याच काकांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. चित्रपटातला बीज आणि वृक्षाबद्दलचा तो प्रसिद्ध अभंग तुकोबांचा आहे, असं ते म्हणत होते. तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला हे त्यांना पटेना. पुढच्या वेळी ते गाथा घेऊनच आले. सगळी चाळली होती, अभंग सापडला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर हार नव्हती, आनंद होता. एका विसाव्या शतकातल्या कवीने तुकोबांच्या भाषेत इतकं मिसळून जावं याचा तो आनंद होता. आठवल्यांचं नाव आता ते प्रत्येक भजनात घेतात.

पण माझ्या मते ‘संत तुकाराम’ हा आवलीचा चित्रपट आहे. गौरी या नटीने केलेली आवली ही मराठी पडद्यावरची सर्वांत खरी बाई आहे, असं मी कुणाशीही वाद घालायला तयार असते. आजारी पोराला ओढत ती देवळात जाते आणि हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारते. घरात दाणा नाही, नवरा आणतो ते वाटून टाकतो, आणि म्हशीची वैरण, पोरांचं पोट हे सगळं तिच्या एकटीच्या माथ्यावर. दिग्दर्शकांनी तिला तुकारामापेक्षा लहान केलेलं नाही. संताची थोरवी सांगताना त्याच्या बायकोची भूक तितक्याच आदराने दाखवायची, हे मला आजही फार मोठं काम वाटतं. ‘संत ज्ञानेश्वर’ (1940) त्याच मंडळींचा. पण तिथे चालणारी भिंत लक्षात राहते, माणसं तितकी राहत नाहीत. आमच्या गटातही त्या रविवारी चर्चा लवकर आटोपली.

‘माणूस’ (1939) पाहताना मात्र मुलं खुलली. कृष्ण आणि संतांच्या भूमिकांनी ओळखले जाणारे शाहू मोडक इथे साधे पोलीस शिपाई आहेत, आणि शांता हुबळीकरांची मैना कोठीवर गाणारी. तिचं ते गाजलेलं गाणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात राहतं, कारण कोठीवर गिऱ्हाईक सगळ्या मुलखांतलं येतं. बॉम्बे टॉकीजच्या बागेतल्या प्रेमप्रसंगांची त्यात सरळसरळ नक्कल केली आहे. विशीतल्या मुलांनी मूळ चित्रपट पाहिलेले नसतानाही ती ओळखली. आणि ‘शेजारी’ (1941)! प्रभातचे यातले बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोनदा चित्रित होत. ‘शेजारी’त दोन शेजारी मित्रांपैकी हिंदू मित्र केशवराव दाते आणि मुसलमान मित्र मिर्झा गजानन जागीरदार; हिंदी ‘पडोसी’त मिर्झा जागीरदारच, पण त्याचा हिंदू मित्र ठाकूर झाले आहेत मझहर खान. म्हणजे हिंदूने मुसलमान साकारला आणि मुसलमानाने हिंदू, तेही देशात दोन समाजांमध्ये तेढ वाढत असताना. बुद्धिबळाच्या पटाभोवती बसणारे ते दोघे म्हातारे आम्ही दोन्ही भाषांत लागोपाठ पाहिले. त्या दोघांत पडलेला अबोला मराठीत मला जास्त घरचा वाटला, हिंदीत जास्त दुखरा. यावर अजून आमच्यात एकमत नाही.

हे सगळं आपल्याला पाहायला मिळतं यामागे काही माणसांचे कष्ट आहेत. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि नुसती ठेवली तरी कुजते. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (1931) याची एकही प्रत आज नाही. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (1932) मात्र टिकला आहे. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं मिळवली, म्हणून पुढच्या पिढ्यांना एवढं तरी पाहता आलं. ज्या जागेत ‘कुंकू’ आणि ‘तुकाराम’ चित्रित झाले, त्या प्रभात स्टुडिओत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभात रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कितीजणांनी प्रभातचा एक तरी चित्रपट पुरता पाहिला असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

म्हणून एक विनंती. यातला कुठलाही एक चित्रपट निवडा. घरातलं एखादं तरुण माणूस आणि एखादं वयस्क माणूस शेजारी बसवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मध्ये थांबू नका. आणि संपल्यावर लगेच उठू नका. आधी एकमेकांना विचारा, तुला काय दिसलं?